थोरल्याचा मुलगा आधी

सोकपोनबा रस्ता, बेनिन सिटी
६ फेब्रुवारी २०१०

प्रिय ओमोसेदे,

आपल्या घरात सुना सकाळी गुडघे टेकून आईंना जे म्हणतात, ते माझ्या वतीने तू म्हण. उयीभावजींना नमस्कार, इवीच्या दोन्ही गालांचे पापे. हे पत्र तू आईंना वाचून दाखवशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते: आई, मी व्यवस्थित जेवते, जड उचलत नाही आणि मशीनवर वाकून बसत नाही. शेवटचं खोटं आहे, पण ईस्टरचे कपडे शिवायला आलेत, त्यांना नाही कसं म्हणू?

इकडे सगळं ठीक. हरमटान वाऱ्याची धूळ या वर्षी जायचं नाव घेत नाही, सकाळी झाडलेला ओटा दुपारी पुन्हा लाल होतो. एफोसांची लाकडाची वखार चालू आहे. मला पाचवा महिना लागला. ओसाहेन शाळेत जायला लागला आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना चावला. मी बाईंची माफी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "दात चांगले आहेत हो तुमच्या मुलाचे." बेनिनच्या बायकांचं बोलणं तुला ठाऊकच आहे.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात बाबांच्या वर्षाच्या विधीसाठी आम्ही गावी आलो, तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. निघताना गाडीत टाकायला रताळी दिलीस, पण तोंड दुसरीकडे करून दिलीस. राग कशाचा, हे मला कळलं नाही असं मी चार महिने दाखवत आले. कळलं होतं. इवीला आठ दिवस ताप होता, डाव्या बरगडीखाली सुजलेली पानथरी हाताला लागत होती. तू तिला घेऊन उजाडायच्या आधीपासून गावच्या वैदूच्या, ओगिएवाआजोबांच्या अंगणात बसलेली. आम्ही ऊन वर आल्यावर आलो, ओसाहेनला दोनच दिवसांचा ताप. आणि आई म्हणाल्या, "थोरल्याचा मुलगा आधी." आजोबांनी मान हलवली, आणि तू उठून जागा दिलीस.

मी तेव्हा "नाही, इवीला आधी घ्या" असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. चुकलं माझं. आई ऐकत असतील तर त्यांनीही ऐकावं, माझं चुकलं.

सोबत दोन वार कापड पाठवते आहे, इवीला फ्रॉक होईल. ड्रायव्हर इदेमुदियाच्या हाती उत्तर दे. फोन करत नाही, कारण तुझा नंबर म्हणजे उयीभावजींचा नंबर, आणि ते फोन उचलला की आख्ख्या अंगणाला ऐकवतात.

आणि हो, इवी कशी आहे ते सविस्तर लिही. आजोबांनी तापासाठी पोटावर ब्लेडने मारलेल्या फासण्या नीट सुकल्या का? नंतर ताप पुन्हा आला का? जेवते का, वजन वाढलं का? तोंडात पांढरे चट्टे वगैरे काही दिसतात का, कानामागे गाठी लागतात का? सहज विचारते. गरोदरपणी बाईला नाही नाही ते सुचतं.

तुझी,
आमेन्झे

---

बेनिन सिटी
१९ फेब्रुवारी २०१०

प्रिय ओमोसेदे,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळी होत्या, मी मोजल्या. आम्ही बरे, इवी बरी, फासण्या सुकल्या, कापड मिळालं. आणि खाली आईंचा निरोप: "दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात काय पांढरं आहे, हे हिला शहरात बसून कशाला हवं?" मी हसले. एफोसांनी विचारलं का हसतेस, तर मी पत्र घडी करून मशीनच्या खणात ठेवलं.

आईंचं बरोबर आहे. मी विचारायला नको होतं. पण आता विचारलंच आहे, तर आणखी एक. इथल्या मोठ्या इस्पितळात सध्या लहान मुलांची तपासणी फुकट चालू आहे, वजन, रक्त, सगळं. एकदा इवीला घेऊन ये ना. गाडीभाडं मी देते. सकाळी निघालीस तर संध्याकाळी परत. राहिलीस तर आणखी बरं, मी ओवो सूप करीन, तुला माझ्या हातचं आवडतं. आवडायचं.

ओसाहेनचं विचारशील तर, तो बरा आहे. सकाळ-संध्याकाळ औषध आहे त्याला. टॉनिक. भयंकर कडू असतं म्हणे, तो चमचा दिसला की पलंगाखाली जाऊन बसतो. मग मीही पलंगाखाली डोकं घालते, आणि पोट आडवं येतं. एफोसा म्हणतात, पुढच्या महिन्यात तू पलंगाखाली अडकलीस तर मी कुणाला बोलवायचं? ते विनोद करतात आजकाल. आधी करत नसत.

बरं, त्या दिवसाचं एक मला नीट आठवत नाही. आजोबांनी ओसाहेनच्या पोटावर फासण्या मारल्या, काळी पूड चोळली, आणि त्याने असा आकांत केला की मी त्याला उचलून गोठ्याच्या मागे नेलं. पुढचं मी पाहिलं नाही. इवीच्या वेळी आजोबांनी दुसरं ब्लेड घेतलं का? घेतलंच असेल, नाही का? त्यांच्या त्या पत्र्याच्या डबीत बरीच असतात. तुला आठवत असेल तर एवढंच लिही. दुसरं काही नाही लिहिलंस तरी चालेल.

झोप नीट लागत नाही मला. हे आईंना वाचू नकोस.

आमेन्झे

---

बेनिन सिटी
२ मार्च २०१०

ओमोसेदे,

हे पत्र आईंना वाचून दाखवू नकोस. आधी एकटी बस आणि शेवटपर्यंत वाच. त्यानंतर काय करायचं ते तुझ्या हातात.

तुझं पत्र परवा आलं. या वेळी चार ओळी नव्हत्या. ते माझ्यासमोर उघडं आहे, आणि तुझे शब्द मी इथे उतरवून घेते, कारण त्यांचंच उत्तर द्यायचं आहे. तू लिहिलंस:

"जाऊबाई, माझ्या मुलीची एवढी काळजी तुम्हाला कधीपासून? तोंडात चट्टे, कानामागे गाठी, रक्त तपासा. मला काय समजत नाही? आमच्या गावातही नर्स येते, भिंतीवर चित्रं लावून जाते. माझ्या इवीचं काहीतरी तुमच्या ओसाहेनला लागलं, अशी भीती वाटते ना तुम्हाला? मग ऐका. दुसरं ब्लेड नव्हतं. आजोबांच्या डबीत त्या दिवशी एकही नव्हतं, म्हणून तर मी येताना चौकातून नवं घेतलं होतं, कागदासकट. माझ्या मुलीसाठी. आजोबांनी विचारलं ब्लेड कुणी आणलंय, तर तुम्ही हात हलवत आलेल्या. आई म्हणाल्या, ओमोसेदे दे ते. मी दिलं. कागद तुमच्या मुलासाठी फाडला. मग आजोबांनी ते जिन दारूने पुसलं आणि माझ्या मुलीला घेतलं, आणि शेवटी चुलीत टाकलं. तेव्हा निर्धास्त राहा. तुमच्या मुलाच्या आधी त्याला कुणी शिवलं नव्हतं. तुमचाच मुलगा आधी होता."

हो. ओसाहेनच आधी होता. म्हणूनच मी हे सगळं विचारत होते.

मला इवीची भीती नव्हती, ओमोसेदे. मला आमची भीती आहे. हे वाक्य लिहायला मला एक महिना लागला.

जानेवारीत गरोदरपणाच्या तपासणीला गेले तेव्हा सगळ्यांचं रक्त घेतात तसं माझंही घेतलं. दोन दिवसांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. मिसेस आइगबे नावाची नर्स आहे, जाडजूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने दार लावून घेतलं. एचआयव्ही. मला आहे. मग एफोसांना बोलावलं, त्यांना आहे. मग तिने विचारलं, "आणखी मूल आहे का?" आणि मी आहे म्हणाले. ओसाहेनला आहे. जन्मापासून असणार, किंवा माझ्या दुधातून. चार वर्षं त्याला सारखा ताप यायचा आणि मी त्याला नीट खात नाही म्हणून रागवायचे. ते टॉनिक टॉनिक नाही. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ, एक दिवस चुकवायचा नाही, आयुष्यभर.

त्या खोलीत मी रडले. मिसेस आइगबे म्हणाली, "रडा, पण गोळी घेऊन रडा. पोटातलं बाळ तुमच्या रडण्याने वाचणार नाही, गोळीने वाचेल." मी गोळी घेतली आणि रडले. कुणाकडून कुणाला, हे आम्ही दोघांनी तीन रात्री एकमेकांना विचारलं, चौथ्या रात्री सोडून दिलं.

मग एक दिवस ओसाहेनला आंघोळ घालत होते. त्याच्या बरगडीखाली त्या बारीक काळ्या रेघा आहेत, पाच. माझ्याही पोटावर आहेत लहानपणच्या, तुझ्या, उयीभावजींच्या, सगळ्यांच्याच आहेत, मी कधी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. त्या दिवशी साबण लावता लावता माझा हात थांबला. मला आठवलं की त्याच्यानंतर कोण होतं.

लगेच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. एफोसांना सांगितलं तर ते म्हणाले, "चार महिने झाले. मुलगी बरी आहे, उयी रोज सांगतो. कशाला नसतं उकरून काढतेस?" त्यांची भीती मला कळते. ते थोरले. घर त्यांचं, बाबांच्या पूजेच्या जागेपुढे कोला फळ फोडून सगळ्यांना वाटायचा हात त्यांचा. गावाला कळलं तर त्या हातातलं कोण खाईल? मी पण घाबरले. मग मला एक चलाख युक्ती सुचली: तू स्वतःहूनच इवीला इस्पितळात आणशील, तिचं रक्त तपासलं जाईल, आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. फुकट तपासणीचं मी बनवून सांगितलं. म्हणजे तपासणी फुकट आहे, पण ती नेहमीच असते, आणि ती कशाची ते मी लिहिलं नाही. आणि एक आशा होती, की आजोबांनी ब्लेड बदललं असेल. तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी आधी तीच ओळ शोधली.

आणि तू समजलीस की मी तुझ्या मुलीला नावं ठेवतेय. साहजिक आहे. आजवर मी दुसरं काय केलं?

आता तेही सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी "इवीला आधी घ्या" म्हणायला हवं होतं. जणू मी गोंधळले होते, किंवा आईंना घाबरले. तसं नव्हतं. तू उठलीस आणि मला बरं वाटलं. शहरातून नवा ब्लाउज शिवून आले होते, अंगणात सगळ्या बायका बघत होत्या, आणि तुझ्यासारखी पहाटेपासून बसलेली बाई माझ्या मुलासाठी उठली. मी मानाने पुढे गेले. ब्लेड तुझं आहे हे मला माहीत होतं का? कागद तुझ्या हातातून आजोबांच्या हातात जाताना मी पाहिला होता. त्या वेळी वाटलं, आपल्या घरचंच आहे, देईल की. रिकाम्या हाताने आल्याची लाजसुद्धा वाटली नाही. तू तुझ्या मुलीसाठी शहाणपणाने नवं आणलंस, आणि ते मी तुझ्या हातून हिसकावून आधी माझ्या मुलासाठी वापरलं. मिसेस आइगबेला मी हे सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "त्या बाईला सांगितलं का?"

तिने सांगितलेलं तसंच लिहिते, माझं काही घालत नाही. एका ब्लेडने लागण होण्याची शक्यता कमी असते. बहुतेक इवीला काही नसेल. पण "बहुतेक" वर मूल सोडायचं नाही, रक्त बघितलंच पाहिजे, आणि आता चार महिने झालेत म्हणजे जे असेल ते दिसेल. असलंच, तर लवकर औषध सुरू केलेली मुलं शाळेत जातात, मोठी होतात, लग्नं करतात. तिने मला तिच्याकडे औषध घेणाऱ्या एका मुलाचा फोटो दाखवला, उंच, फुटबॉल हातात. उशीर झाला तर मात्र फार अवघड. तिला घट्ट धर, तिच्याशी खेळ, एका ताटात जेव, त्याने काही होत नाही. ओसाहेन माझ्या ताटातच जेवतो.

ओगिएवाआजोबांना बोल लावू नकोस. त्यांना जितकं माहीत होतं तितकं त्यांनी केलं, आणि ब्लेड चुलीत टाकलं म्हणून आणखी कुणाला ते लागलं नाही, हे वाचून मी जमिनीला हात लावला. पण त्यांना एक सांगायला हवं, प्रत्येक मुलाला वेगळं ब्लेड, आणि ते आईने समोर फाडायचं, थोरली असो की धाकटी. ते माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील.

इथे खाली मी एक ओळ लिहून खोडली आहे, खोडलेली तुला दिसेलच. "कुणाला सांगू नकोस" असं लिहिलं होतं. आधी शाईने एक रेघ मारली, तरी वाचता येत होतं, म्हणून पुन्हा गिरवली. मला ते मागायचा हक्क नाही. उयीभावजींना सांग, आईंना सांग, विहिरीवर सांगायचं असेल तर सांग. एफोसांना मी हे पत्र इदेमुदियाच्या हातात दिल्यावर सांगणार आहे. आधी सांगितलं तर ते पाठवू देणार नाहीत, आणि मी कदाचित ऐकीन.

येत्या मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी आठपासून मी मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी उभी असेन. मिसेस आइगबेला सांगून ठेवलंय, ती इवीला बाहेरच्या रांगेत बसवणार नाही. तू माझ्याशी बोलू नकोस. शिव्या दे, तोंड फिरव, नुसती मागून चाल. मी दार दाखवीन आणि बाहेर थांबेन.

आली नाहीस, तर शनिवारी तेराला मी पहिल्या गाडीने गावी येईन, आईंच्या ओट्यासमोर, उयीभावजींसमोर, जे कुणी अंगणात असेल त्या सगळ्यांसमोर हेच सगळं तोंडाने सांगेन, आणि इवीला तपासायला घेऊन जा असं म्हणेन. मग मला या घरात कुणी आधी म्हणणार नाही, नंतरही म्हणणार नाही. चालेल. मुलीचं रक्त बघितलं गेलं पाहिजे.

माफी मागत नाही. ती मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढी सवड तू इवीला दे.

मंगळवारची वाट पाहणारी,
आमेन्झे